बाबांच्या खात्यावर आलेले अठरा हजार

या वेळचं पत्र वाशिम जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आवरून देतो.

"सप्रेम नमस्कार. आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन आणि तूर घेतो. जमीन बाबांच्या नावावर, त्यांना आजोबांकडून आलेली. बाबा ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात वारले. दुःखात फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या दप्तरात वारसांची नावं चढवण्याचं, राहून गेलं, मग सोंगणी आली, मग बहिणीकडचं लग्न, असं करत करत सातबाऱ्यावर आजही बाबाच आहेत.

बाबांना पीएम किसानचे, म्हणजे केंद्राच्या शेतकरी योजनेचे, दोन-दोन हजारांचे हप्ते यायचे. ते गेल्यावरही येत राहिले. वर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही सुरू झाले. एटीएम कार्ड आईकडे होतं. तिने काढले, औषधपाण्याला आणि किराण्याला लागले. पोहरादेवीला पंतप्रधान आले होते त्या दिवशी एकदम चार हजार पडले, बाबांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. पासबुकात मोजलं तर नऊ नोंदी, अठरा हजार रुपये. फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे.

आता मी माझ्या नावाने अर्ज करावा म्हणतो. सीएससीवाला, म्हणजे ऑनलाइन सरकारी अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा माणूस, म्हणाला, तुमची जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर येणार, तुम्हाला मिळत नाही. बाजूलाच बसलेला एक जण म्हणाला, दीड हजार द्या, तुमचा आणि वहिनीचा दोन्ही फॉर्म बसवून देतो, फक्त नवरा-बायको आहात ते दिसू द्यायचं नाही. लहाना भाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याचा पगारातून टॅक्स कापतात. तो म्हणतो, हप्ता तुझ्या नावावर आला तरी अर्धा माझा. बहीण दिली आहे यवतमाळ जिल्ह्यात, तिचा काही प्रश्न नाही.

गावातले म्हणतात, मागचं काढू नको, गप्प राहा. आईने मात्र जेवण कमी केलं आहे. मेलेल्या माणसाचे पैसे खाल्ले, पोलीस येतील, असं धरून बसली आहे. आम्ही काय करावं? पैसे परत करावे लागतील का? आईवर केस होईल का?"

भाऊ, नमस्कार.

शेवटचं आधी घेतो, कारण त्या प्रश्नामुळे घरात एक माणूस उपाशी राहतोय. आईला सांगा की अपात्र खात्यात गेलेले पैसे परत घेण्याची सरकारची रीत ठरलेली आहे : नोटीस येते, रक्कम कळवतात, ती भरायची आणि पावती घ्यायची. आपल्या राज्यात २०२० पासून प्राप्तिकर भरणाऱ्या लाभार्थ्यांना तहसीलदारांनी अशा नोटिसा पाठवल्या. त्यात नोकरदार होते, शिक्षक होते, चांगले कमावते लोक होते. देशभरात मिळून अपात्रांकडून ४०० कोटींहून अधिक रक्कम परत आली आहे. तुमच्या आईने खोटा कागद केलेला नाही, खोटी सही केलेली नाही. खात्यात पैसे येत गेले आणि तिने ते काढले. ते काढायला नको होते हे खरं. पण स्वतःहून जाऊन "एवढे आले, एवढे परत करतो" असं लेखी देणाऱ्या घराकडे आणि नोटीस येईपर्यंत दडून बसणाऱ्या घराकडे कुठलंही कार्यालय एका नजरेने पाहत नाही. गावकऱ्यांचा गप्प बसण्याचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. आणि तो तुमच्या फायद्याचाही नाही. बाबा सातबाऱ्यावर आहेत तोवर तुमचा अर्ज पुढे सरकणार नाही, आणि त्यांचं नाव काढायला गेलात की मृत्यूची तारीख कागदावर येणारच. गप्प राहायचं तर तुमचा स्वतःचा हक्कही कायमचा सोडावा लागेल.

आता अठरा हजारांचा हिशेब नीट मांडू, कारण तो सगळाच्या सगळा तुमच्या अंगावर येत नाही असं मला वाटतं.

तुमच्या नऊ नोंदींपैकी चार पीएम किसानच्या आहेत : नोव्हेंबर २०२३ चा पंधरावा हप्ता, फेब्रुवारी २०२४ चा सोळावा, जूनचा सतरावा आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीहून सुटलेला अठरावा. उरलेल्या पाच नमो शेतकरी महासन्मान निधीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या. त्यातला पहिला २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. दुसरा आणि तिसरा २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळहून एकत्र आले, म्हणून त्या सुमारास तुमच्या पासबुकात सहा हजार दिसत असतील. चौथा ऑगस्ट २०२४ चा आणि पाचवा पुन्हा पोहरादेवीचा.

यातला नमोचा पहिला हप्ता बघा. पैसे ऑक्टोबरमध्ये आले, पण तो हप्ता एप्रिल ते जुलै २०२३ या चार महिन्यांचा होता. त्या चार महिन्यांत तुमचे बाबा हयात होते, शेत त्यांचंच होतं आणि योजनेनुसार ते पात्र होते. सरकारने उशिरा दिले म्हणून तो हप्ता अपात्र ठरू नये. अर्जात हे स्पष्ट लिहा : "सदर हप्ता एप्रिल ते जुलै २०२३ या कालावधीचा असून लाभार्थी त्या काळात हयात होते, तरी तो वसुलीतून वगळावा." निर्णय कार्यालय घेईल, पण मागणी नोंदवलेली असली पाहिजे. पीएम किसानचा पंधरावा आणि नमोचा दुसरा हप्ता ऑगस्ट ते नोव्हेंबरचा. त्या काळाच्या सुरुवातीलाच बाबा गेले, त्यामुळे तिथे वाद घालू नका, परत करायच्या रकमेत धरा. म्हणजे सोळा हजारांची तयारी ठेवायची. त्यात आठ हजार केंद्राचे, आठ हजार राज्याचे.

ही दोन खाती वेगळी आहेत हे लक्षात असू द्या. पीएम किसानची रक्कम परत करण्याची सोय त्यांच्या पोर्टलवरच आहे, आधार क्रमांक टाकून पैसे भरता येतात. नमोचे पैसे राज्याचे असल्याने ते कुठे भरायचे हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी सांगितलेल्या खात्यात भरू नका आणि कोणाच्या हातात रोख देऊ नका, समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो. एकरकमी जमत नसेल तर हप्ते पाडून द्या अशी विनंती त्याच अर्जात करा. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी आणा. बँकेतही मृत्यूचा दाखला द्या आणि ते एटीएम कार्ड आता वापरू नका. खात्यात बाबांची स्वतःची काही शिल्लक असेल तर ती वारसांची आहे, ती बँकेच्या रीतीने मागून घ्या.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते, ती तुम्ही केली असणार, नाहीतर दाखला मिळाला नसता. म्हणजे सरकारच्या एका दप्तरात बाबा ऑगस्ट २०२३ मध्येच वारलेले होते. दुसऱ्या दप्तरात ते आणखी चौदा महिने हप्ता घेत होते. लाभार्थ्यांची गाववार यादी पोर्टलवर कोणालाही दिसते, ग्रामपंचायतीत लावायचीही असते. ती ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचली असती तर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी उठून सांगितलं असतं, हे गेले. त्यातच हे काम महसूलचं की कृषीचं, यावर आपल्या राज्यात बराच काळ ओढाताण चालली. शेतकरी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. तुमच्या आईने एकटीने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, एवढ्यासाठी हे सांगतो. पैसे परत करण्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

आता तुमच्या अर्जाकडे वळू. सीएससीवाल्याने तुम्हाला अर्धवट नियम सांगितला. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख खरी आहे. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेतजमीन होती तो पात्र, आणि त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने जमीन नावावर आली असेल तर नाही. पण त्याच नियमात अपवाद लिहिलेला आहे : जमीनधारकाच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने जमीन आली असेल तर ही तारीख आड येत नाही. बाबांच्या नावावर जमीन २०१९ च्या आधीपासून होती, ते २०२३ मध्ये गेले, जमीन वारसांकडे आली. तुमचं प्रकरण सरळ त्या अपवादात बसतं. त्यासाठी दोन कागद हवेत. एक, १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी जमीन बाबांच्या नावावर होती हे दाखवणारा जुना सातबारा किंवा आजोबांकडून त्यांच्याकडे जमीन आली तो फेरफार. दुसरा, बाबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार. हा दुसरा कागद तुमच्याकडे नाही, आणि सगळी गाडी तिथेच अडली आहे.

तेव्हा पहिलं काम वारस नोंदीचं. कायद्याने वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार आणि रेशनकार्ड घेऊन तलाठ्याकडे जा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून कोणी म्हणत नाही ते सोडा. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही अर्ज होतो. अर्ज आला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. सातबाऱ्यावरची मयत खातेदारांची नावं काढून वारस लावण्यासाठी राज्याने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. ती सुरू झाली तुमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, मग १ एप्रिलपासून राज्यभर. म्हणजे तुमच्यासारखी घरं हजारोंनी आहेत, तलाठ्याला तुमच्या अर्जाचं नवल वाटणार नाही.

वारसांची नावं लिहायला बसाल तेव्हा बहिणीचं नाव त्यात असलंच पाहिजे.

"बहीण दिली आहे, तिचा काही प्रश्न नाही," असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. प्रश्न आहे, भाऊ. तुमच्या आईइतकीच आणि तुमच्याइतकीच ती वारस आहे. हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित जमिनीत तर मुलीला जन्मापासूनचा हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंकाही काढली. लग्न होऊन किती वर्षं झाली, हुंडा-मानपान काय झालं, याचा त्याच्याशी संबंध नाही. प्रतिज्ञापत्रात तिचं नाव गाळलंत तर तो खोटा दस्त होतो. आईच्या हातून घडलेल्या चुकीपेक्षा तो कितीतरी गंभीर, कारण तो जाणूनबुजून केलेला असेल आणि त्यावर तुमची सही असेल.

बहिणीचं नाव लागलं की हप्ता अडेल किंवा वाटला जाईल, अशी भीती बऱ्याच घरांत असते. ती बिनबुडाची आहे. उलट या योजनेची रचना अशी आहे की तुम्हा भावंडांना भांडायला कारणच उरत नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अठरा वर्षांखालची मुलं. आईवडील त्यात नाहीत, भाऊ नाही. एका सातबाऱ्यावर चार वारसांची नावं असतील आणि ते चार वेगळ्या कुटुंबांतले असतील, तर जो जो पात्र आहे त्याला त्याचे वर्षाचे सहा हजार स्वतंत्र मिळतात. जमीन साडेचार एकर असो की अर्धा एकर, रक्कम तेवढीच. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ च्या जूनपासून काढली, आणि खालची मर्यादा कधी नव्हतीच.

तर तुमच्या घरात चित्र असं होतं. तुम्ही, वहिनी आणि मुलं हे एक कुटुंब. तुमचा अर्ज होतो. आई विधवा आहे, मुलं सज्ञान आहेत, तिच्या नावावर हिस्सा लागला की ती स्वतंत्र कुटुंब. तिचाही वेगळा अर्ज होतो, आणि मला वाटतं सगळ्यात आधी तिचाच करा. बाबांचे म्हणून जे पैसे ती चोरासारखी वापरत होती, तेवढेच पैसे तिच्या स्वतःच्या नावावर हक्काने येऊ शकतात. म्हणून कोणी "आईचं नाव कशाला लावता, थेट पोरांच्या नावावर करा, तिच्याकडून हक्कसोड घ्या" असं सांगितलं तर ऐकू नका. हप्त्याचा विषय बाजूला ठेवला तरी म्हातारपणी सातबाऱ्यावर स्वतःचं नाव असलेल्या बाईला घरात विचारून वागतात, हे गावोगाव पाहिलेलं आहे.

बहिणीच्या बाबतीत तिच्या सासरी विचारा. जावयांना पीएम किसान चालू असेल तर ती त्यांच्या कुटुंबात धरली जाते आणि तिने वेगळा अर्ज करायचा नाही. त्यांना चालू नसेल, त्यांच्या घरात कोणी अपात्र नसेल, तर ती करू शकते. हिस्सा ठेवायचा की भावांना सोडायचा हा तिचा निर्णय, तिने तिच्या मनाने घ्यायचा. सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने, दुय्यम निबंधकाकडे. राखीपौर्णिमेला कोऱ्या कागदावर सही घेऊन नव्हे.

लहान्या भावाचं उत्तर त्याच्या फॉर्म सोळामध्ये, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्यात आहे. मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेला असेल तर त्याचं कुटुंब या योजनेत बसत नाही. नुसतं विवरणपत्र भरलं आणि कर शून्य आला, तर ते कर भरणं नव्हे, हा फरक नीट पाहा. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. चाकणच्या कंपनीत त्याचा पगार त्याच्या आत असेल तर आधी कापलेला करही परत मिळतो, आणि तसं झालं तर कराची अडचण त्याच्यापुरती राहणार नाही. मग तोही आपल्या नावाने अर्ज करील. पण तो कर भरत असला तरी तुमच्या हप्त्याला त्याने धक्का लागत नाही, तो वेगळ्या कुटुंबातला आहे. आणि "अर्धा माझा" या म्हणण्याला काही अर्थ नाही. तो पात्र असेल तर त्याचे सहा हजार त्याला मिळतील. नसेल तर सरकारने ज्याला वगळलं त्याने भावाच्या ताटातून ते घ्यावेत, हे कुठल्या नियमात नाही. शेत तुम्ही कसताय. नफ्यातला त्याचा वाटा हा वेगळा विषय, तो सोयाबीन विकल्यावर बोला. दोन हजारांत आज डीएपीची दीड बॅग धड येत नाही, त्यावरून दोन भावांनी अबोला धरावा एवढी ती रक्कम मोठी नाही. २०१९ मध्ये सहा हजार ठरले, ते केंद्राने अजून वाढवलेले नाहीत. संसदेच्या समितीने दुप्पट करा असं सुचवलंय, ते जेव्हा होईल तेव्हा होईल.

तो दीड हजारवाला. त्याच्यापासून लांब राहा. नवरा-बायको दोघांच्या नावाने वेगवेगळे अर्ज बसवायचे, हीच युक्ती गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी झाली की २०२५ मध्ये केंद्राने अशी संशयित खाती वेगळी काढली आणि प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले. जमीन २०१९ नंतर नावावर आलेली खातीही त्यातच. आधार, रेशनकार्ड आणि शेतकरी ओळख क्रमांक एकमेकांशी जोडले जात असताना नवरा-बायको असल्याचं लपवणार कसं? आणि पकडले गेल्यावर नोटीस येईल ती तुमच्या आणि वहिनीच्या नावाने, तो माणूस कुठल्याच कागदावर नसेल. एका घरात आधीच एक वसुली चालू आहे, दुसरी ओढवून घेऊ नका. तुमचं प्रकरण सरळ मार्गाने बसत असताना आडमार्गाचे दीड हजार मोजायचेच कशाला? सीएससीवर बोटांच्या ठशांनी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करण्याचं ठरलेलं शुल्क १५ रुपये आहे. तेवढे द्या, पावती मागा. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली तर उघडू नका, त्यातून अनेकांची खाती रिकामी झाली आहेत.

फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढा. मग शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. सामाईक खात्यात प्रत्येकाचा वेगळा निघतो. राज्यात कृषी खात्याच्या योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा आहे आणि पीएम किसानच्या नव्या नोंदणीलाही लागतो. त्यानंतर पोर्टलवर नवीन शेतकरी नोंदणी. सोबत दोन्ही फेरफार, सातबारा, आठ-अ, बाबांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आणि तुमचं, वहिनीचं, मुलांचं आधार. अर्ज तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून राज्याला जातो, मंजुरी प्रत्येक टप्प्यावर लागते. तालुक्यालाच अडकून पडतात ते अर्ज बहुधा कागद वाचता येत नाहीत म्हणून, तेव्हा फोटो नको, नीट स्कॅन करून घ्या.

मंजूर झाल्यावरही पैसे न येण्याची तीन कारणं असतात आणि तिन्ही पोर्टलवर 'आपली स्थिती' पाहिली की दिसतात : जमिनीची नोंद जुळलेली आहे का, ई-केवायसी झाली आहे का, आणि बँक खातं आधारशी थेट जमा होण्यासाठी जोडलं आहे का. तिसऱ्यात लोक फसतात. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि सरकारी पैसे त्या खात्यात वळवण्यासाठी तो जोडलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असं स्पष्ट म्हणा. आईच्या बोटांचे ठसे उमटत नसतील, आणि शेतात राबलेल्या बायकांचे बहुधा उमटत नाहीतच, तर मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी होते. अडलंच तर १५५२६१ या क्रमांकावर विचारता येतं. नमोसाठी वेगळा अर्ज करायचा नाही. पीएम किसानची यादीच तिकडे वापरतात, इकडे चालू झालं की तिकडचं आपोआप येतं.

मधल्या काळातले हप्ते, म्हणजे फेब्रुवारी २०२५ पासून तुमच्या नोंदणीपर्यंतचे, मिळणार नाहीत. ज्या चार महिन्यांच्या टप्प्यात नोंदणी होते तिथून पुढे हक्क सुरू होतो. त्यामुळे हे वाचून झाल्यावर पुढच्या पेरणीपर्यंत थांबू नका.

आणि एक, जे तुम्ही विचारलंच नाही. सातबाऱ्यावर बाबाच आहेत, तर सोसायटीचं पीक कर्ज कोणाच्या नावावर चालू आहे? पीकविमा कोणाच्या नावाने भरताय? अतिवृष्टीची मदत आली तेव्हा पंचनाम्यात कोणाचं नाव गेलं? हप्त्याचे सोळा हजार परत करता येतील. पण वारलेल्या माणसाच्या नावाने विमा भरला असेल आणि उद्या सोयाबीन पाण्यात गेलं, तर भरपाईच अडकेल, आणि ती रक्कम याहून मोठी असेल. कर्ज बाबांच्या नावावर जुनं-नवं होत असेल तर सोसायटीच्या सचिवाला भेटून वारसांच्या नावावर करून घ्या. कर्जमाफी किंवा व्याजसवलत जाहीर झाली की मयत खातेदारांची खाती हमखास बाजूला पडतात.

आधी तलाठी, त्याच दिवशी तालुका कृषी कार्यालयात परताव्याचा अर्ज, मग बँक. जाताना आईला बरोबर न्या, परताव्याच्या अर्जावर शिक्का पडताना तिने स्वतः पाहिलेला बरा. नोटीस आधीच निघाली असेल आणि त्यात पूर्ण अठरा हजार लावले असतील तर तिची प्रत मला पाठवा. कोणत्या हप्त्यांचा कोणता कालावधी लिहिलाय ते पाहून हरकतीचा मजकूर लिहून देतो.